वायशानच्या नावाची बरणी

बायको गेल्यापासून थाम क्वानचं पोट बिघडलं होतं, आणि ते बिघडलंय हे कबूल करायला त्याला दीड वर्ष लागलं. सकाळी चहाघरात वाफवलेल्या पावांच्या दोन टोपल्या, दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या शेवया, संध्याकाळी दुपारच्याच उरलेल्या शेवया. मग पोटाला गुबारा आणि पहाटेपर्यंत करपट ढेकर. योकहिंग असती तर तिने एक शब्द न बोलता, पोटासाठी संत्र्याच्या सालीचा चहा करायला, कढईत तांदूळ भाजायला घेतले असते. पण योकहिंग नव्हती, आणि तांदूळ कुठल्या डब्यात असतात हेसुद्धा क्वानला ती गेल्यावर पाचव्या दिवशी कळलं होतं.

माणूस वाईट नव्हता. तीस वर्षं त्याने नदीवर रेतीची बोट चालवली. आठवड्यातून एक रात्र घरी, बाकीच्या पाण्यावर. त्यामुळे घरात काय चालतं याची त्याला पाहुण्याइतकीच माहिती, आणि घराची स्तुती मात्र तो चारचौघांत भरभरून करायचा. त्या स्तुतीचा विषय एकच होता. वायशानची बरणी.

दक्षिण चीनमधल्या या सनवुई भागात मुलगी जन्मली की त्या वर्षीच्या संत्र्यांची सालं तिच्या नावाने बरणीत पडतात. तीन वर्षांच्या आत त्यांना कुणी मुरलेली म्हणत नाही, आणि मुरलेली म्हटल्यावरही बायका नाक मुरडतात की दहा वर्षं होऊ देत, मग बोलू. मुलगी लग्नाची होते तोवर साल काळपट तांबडी होते, आणि बरणी तिच्या रुखवतात जाते. वायशान ही क्वानची एकुलती एक मुलगी. दिवस भरायच्या आधी सातव्या महिन्यातच, ऐन संत्र्यांच्या हंगामात जन्मली. योकहिंगने अंथरुणातून उठल्या उठल्या सालं काढली, वाळवली आणि तपकिरी मातीच्या बरणीत भरली. क्वानने लाल कागदावर कुंचल्याने मुलीचं नाव आणि जन्मवर्ष लिहून तो कागद बरणीला चिकटवला. त्याचं अक्षर गल्लीत नावाजलेलं होतं. त्या बरणीत त्याचा वाटा एवढाच, पण एकोणतीस वर्षं चहाघरात फुशारकी मारायला तो पुरला.

आता रविवारी व्याही येणार होते, लग्नाआधीचं देणं घेऊन. आउ घराणं, नदीपलीकडचं, तीन पिढ्यांच्या संत्र्यांच्या बागा. सोयरीक ठरली त्या दिवशी क्वान भर बैठकीत म्हणाला होता, "आमच्याकडे द्यायला फार काही नाही. पण एकोणतीस वर्षांची साल आहे. तुम्ही याल तेव्हा तिचाच चहा पाजतो." व्याही म्हणाले होते, "मग मी उपाशीपोटी येतो." सगळे हसले होते. दहा माणसांसमोर दिलेला शब्द होता तो.

गुरुवारी सकाळी भिंतींना घाम फुटला होता. वसंतात दक्षिणेकडून कोमट वारं सुटलं की आठ-आठ दिवस असंच चालतं. फरशी ओली, आरसा धुरकट, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही गार. दहाच्या सुमारास ढगांतून पिवळट ऊन पडलं, आणि गच्चीवरच्या त्या उन्हाकडे बघताना क्वानला एकदम आठवलं. योकहिंग दरवर्षी सालींना ऊन दाखवायची. ती गेल्यापासून कुणी दाखवलं नव्हतं. दीड वर्ष तसंच गेलं होतं.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली होती, "अहो, त्या बरणीचं तुम्हाला एक..." आणि त्याने तिचा हात थोपटून म्हटलं होतं, "बरणीची काळजी करू नकोस. मी बघतो." तिने पुन्हा तोंड उघडलं तेव्हाही तो तेच म्हणाला. वचन द्यायची घाई झालेल्या माणसाला समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत धीर धरवत नाही. ती मग थोडी हसली, असं त्याला आठवत होतं.

तो माळ्यावर चढला. बरणी गुडघ्याएवढी होती, वरचा लाल कागद फिका पडला होता, पण अक्षर शाबूत होतं. एकोणतीस वर्षांत त्याने तिचं झाकण कधी काढलं नव्हतं. काढलं, आणि असा वास आला की योकहिंग मागे उभी आहे असंच वाटलं. तो बरणीत तोंड घालून बराच वेळ बसून राहिला. मग दोन सुपं घेऊन गच्चीवर गेला आणि एकेक साल ओळीने मांडली, उताणी, एकमेकींना न टेकता. एक तुकडा आपल्या पोटासाठी काढावा असं मनात आलं होतं, पण लेकीच्या रुखवताला हात लावायचा नाही म्हणून त्याने तो परत ठेवला. चिमण्या येऊ नयेत म्हणून बादली पालथी घालून तो राखणीला बसला. ती गेल्यापासून तिचं एखादं काम आपण करतोय असं त्याला पहिल्यांदाच वाटलं, आणि त्याला फार बरं वाटलं.

दीड तासाने शेजारच्या गच्चीवर तिसरी वहिनी कपडे काढायला आली. तिचा नवरा चार भावांत तिसरा, म्हणून ती सगळ्या गल्लीची तिसरी वहिनी. अडुसष्ट वर्षांची. सातव्या वर्षापासून ती सालींच्या खळ्यावर संत्री चिरत आलेली.

"क्वानभावजी, ते काय मांडलंय?"

"वायशानची साल. ऊन दाखवतोय."

वहिनीच्या हातातला पायजमा तसाच राहिला.

"भावजी, आज तुम्ही मीठ उघड्यावर ठेवाल का?"

"मिठाचं काय इथे?"

"सालीला हात लावून बघा."

क्वानने हात लावला. बरणीतून काढताना काटकीसारखी कडक असलेली साल आता जुन्या कापडासारखी दुमडली. दुसरी उचलली, तीही तशीच. दोन्ही सुपं सादळली होती.

"अहो, ऊन दाखवतात ते हिवाळ्यात, उत्तरेचं कोरडं वारं सुटलं की," वहिनी म्हणाली. "असल्या हवेत बरणीचं झाकण उघडायला बायका घाबरतात. योकहिंग तर या दिवसांत माळ्याची शिडीसुद्धा लावू द्यायची नाही. आणि तुम्ही गच्चीवर पंगत बसवलीत. दोन दिवसांत बुरशी धरेल."

क्वानच्या तोंडचं पाणी पळालं. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. बरणी माळ्यावर विसरून राहिली असती तर सुखरूप राहिली असती. तो सालं गोळा करायला वाकला, पण घाईत तीन खाली पडल्या.

"सरका," वहिनी म्हणाली. मधला कठडा ओलांडून ती इकडे आली. "बोट चालवणारे हात आहेत ते. आणा ते सूप, आणि बरणीही. माझ्या कोठीत ओल ओढायचं यंत्र आहे, दार लावून ठेवू. रविवारपर्यंत सुकेल."

वहिनीची कोठी लहानशी, कोरडी, दोन्ही बाजूंना बरण्या. तिने यंत्र लावलं, दिवा लावला आणि सालं जाळीवर पसरायला घेतली. पहिली पसरली. दुसरी दिव्यासमोर धरली. तिसरीचा वास घेतला, आणि मग चौथीचा.

"भावजी, बरणी हीच ना?"

"दुसरी आहेच कुठे? वरचं अक्षर माझं आहे."

"अक्षर तुमचंच आहे," ती म्हणाली. तिने एक तुकडा तोडून पेल्यात टाकला आणि उकळतं पाणी ओतलं. पाण्याला फिका पिवळा रंग आला. अर्धा पेला ती प्यायली, अर्धा त्याच्यापुढे केला.

"कसं लागतंय?"

"चांगलं. संत्र्यासारखं."

"तेच सांगतेय. एकोणतीस वर्षांच्या सालीत संत्रं उरत नाही. ती लाकडासारखी लागते, औषधासारखी लागते, पाणी तांबडं होतं. ही नऊ वर्षांची आहे. दहा म्हणा, तुमच्या समाधानासाठी."

"वहिनी, तुमचं नाक म्हातारं झालं."

"म्हातारं झालंय म्हणूनच ओळखतं." तिने एक साल त्याच्या तळहातावर ठेवली. "हात मात्र योकहिंगचाच. तीन पाकळ्या, देठाशी जोडलेल्या, मधली जरा लांब. गल्लीत असं तीच चिरायची. म्हणजे भरलीय तिनेच. कधी भरली, ते तिलाच ठाऊक."

क्वान घरी येऊन बसला तो दुपार सरली तरी उठला नाही. आधी त्याला राग आला, आणि मेलेल्या माणसावरचा राग कुठे ठेवायचा ते कुणालाच कळत नाही, तसं त्यालाही कळेना. एकोणतीस वर्षं आपण चहाघरात बोलत होतो, आणि घरची बाई हे ऐकून मान खाली घालून भांडी घासत होती. तिने बरणी कुणाला देऊन टाकली? की सगळी बुरशीने गेली आणि तिने लपवलं? काहीही झालेलं असो, नवऱ्याला सांगायला तिला तोंड नव्हतं का? मग त्याला ते इस्पितळातलं अर्धं वाक्य आठवलं, आणि राग गेला तिथे लाज येऊन बसली.

रविवारचं काय, हा प्रश्न होताच. आउ व्याह्याचं नाक साऱ्या तालुक्याला माहीत होतं. पहिल्या घोटाला पितळ उघडं पडणार, आणि लाज जाणार ती वायशानची. नव्या घरी ती खोट्या बरणीची मुलगी म्हणून उंबरा ओलांडणार. संध्याकाळी त्याला एक वाट सुचली. तो कठड्याशी जाऊन म्हणाला, "वहिनी, ओल लागून सगळी साल गेली असं सांगितलं तर? तुम्ही काही बोलणार नाही ना?"

"मी बोलणार नाही," वहिनी म्हणाली. "पण व्याही विचारतील, असल्या हवेत ती बाहेर कुणी काढली. त्याचं उत्तर तयार ठेवा."

क्वान परत फिरला. त्या दिवशी शेवयासुद्धा त्याला गेल्या नाहीत.

शनिवारी दुपारी वायशान शहरातून आली. बाप खुर्चीत पोट धरून बसलेला बघून तिने पिशवी खाली ठेवली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. जेमतेम तिच्या आईएवढी उंची, आणि बाह्या वर करायची तऱ्हाही तिचीच. तिने कोरड्या कढईत मूठभर तांदूळ टाकले आणि मंद आचेवर हलवत राहिली. तांदूळ तांबूस झाले, घरभर खरपूस वास सुटला. दीड वर्षात त्या घरात हा वास आला नव्हता. क्वान उठून दाराशी येऊन उभा राहिला.

"काय खाता दिवसभर?"

"खातो की. शेवया."

"तीन वेळा?"

"दोन वेळा. सकाळी पाव."

"आईने ऐकलं असतं ना बाबा, तर तुम्हाला कढईने मारलं असतं." तिने आल्याच्या दोन चकत्या कापल्या. "डब्यातली साल संपलेली दिसतेय. बरणी कुठे आहे? एक काढते."

"बरणीला हात लावू नकोस. आणि ती इथे नाही. वहिनींकडे आहे."

मग त्याला सगळं सांगावंच लागलं. सुपं, ऊन, सादळलेल्या ओळी. पंगतीपर्यंत आल्यावर वायशानला हसू आवरेना, ती ओट्याला धरून हसली. बापाचा चेहरा बघून मग थांबली.

"सुकेल हो ती. तिसरी वहिनी आहे ना."

"सुकेल. पण ती..." क्वान भिंतीकडे बघत म्हणाला, "ती एकोणतीस वर्षांची नाही, वायशान. वहिनी म्हणतात, नऊ वर्षांची. तुझी बरणी तुझी नाही. आईने काय केलं मला माहीत नाही."

वायशानने आच बारीक केली. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"माझी साल कधीच संपली. मी प्यायले ना ती." ती कढईतले तांदूळ भांड्यात काढू लागली. "तुम्ही बोटीवर असायचात. मला काही पचायचं नाही. ताप आला की पोट, परीक्षा आली की पोट, शेजारच्या लग्नात जेवले की पोट. डॉक्टरची औषधं चालायची, पण झोपताना आई हा चहा द्यायची. नवी साल पोटाला तिखट लागते म्हणायची, आणि घरात मुरलेली अशी तेवढीच. प्रत्येक वेळी माळ्यावरून एक आणायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना विचारलं, ही माझ्या लग्नाची ना? तर म्हणाली, लग्नापर्यंत आधी पोचायला तर हवंस."

क्वानने वर माळ्याकडे बघितलं.

"तरी माझ्या पोटात निम्मीच गेली," वायशान म्हणाली.

"आणि बाकीची?"

तिने वळून त्याच्याकडे बघितलं. "बाबा, तुम्हाला रक्ताची उलटी झाली होती, तो हिवाळा आठवतो?"

आठवत होता. नऊ वर्षं झाली त्याला. पोटात व्रण निघाला होता. इस्पितळातून घरी आल्यावर तीन महिने तो या खाटेवर पडून होता, आणि सकाळ-संध्याकाळ योकहिंग एक वाटी आणून तोंडाशी धरायची. तांबडं पाणी, तळाला भाजलेल्या तांदळाचे दाणे. त्याने तोंड वाकडं केलं होतं. हे काय लाकडाचं पाणी पाजतेस, म्हणाला होता. औषधं काय कमी आहेत, त्यात हे आणखी एक. एकदा तर ती आत वळल्यावर त्याने अख्खी वाटी खिडकीतल्या कुंडीत ओतली होती. दुसऱ्या दिवशीही तिने तशीच भरून आणली.

लाकडासारखी लागते, औषधासारखी लागते, पाणी तांबडं होतं. वहिनीचे शब्द त्याच्या कानात पुन्हा वाजले. एकोणतीस वर्षं ज्या चवीची त्याने बढाई मारली, ती त्याने तीन महिने रोज दोन वेळा चाखली होती आणि ओळखली नव्हती.

"बरणी तळाला गेली तेव्हा मी सुट्टीवर घरी होते," वायशान म्हणाली. "आई त्या हंगामाची सालं तिच्यात भरत होती. मी म्हटलं, वरचा कागद तरी बदल. ती म्हणाली, राहू दे तो. तुझ्या बाबांकडे चहाघरात सांगायला दुसरं काही नाही."

क्वानला रडू आलं. बोटीवरच्या माणसाला मुलीसमोर रडायची सवय नसते, पण त्याने ते आवरलं नाही. वायशान कठड्याकडे गेली, वहिनीकडून एक अर्धवट सुकलेली साल मागून आणली, ती थंड पाण्यात भिजत घातली, मऊ झाल्यावर बारीक चिरली आणि भिजवल्याच्या पाण्यासकट भांड्यात टाकली. तांदूळ, आलं, साल. वीस मिनिटं तिने ते झाकून उकळू दिलं. वाटी हातात आल्यावर क्वान तळापर्यंत प्यायला आणि तळाचे दाणेही चावून खाल्ले. पोटाला ऊब आली. मनातल्या लाजेला मात्र चहाचा उपाय नव्हता.

रविवारी आउ मंडळी आली. लाल डबे, नारळ, खारवलेल्या माशांची जोडी, सगळं रीतीप्रमाणे. नवरा मुलगा चिलोक लाजून दाराशी उभा, त्याची आई वायशानचा हात धरून बसलेली. व्याही, म्हणजे आउ सायहोंग, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. बसल्या बसल्या त्याने घराचा वास घेतला. क्वानला दिसलं ते.

चहा क्वानने स्वतः केला. वायशान मदतीला आली तर तिला हाकललं. तांदूळ एका बाजूने करपले, साल जाडी चिरली गेली, पण केला त्यानेच. तिसरी वहिनी सुकलेली साल बरणीत भरून घेऊन आली होती, ती कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होती. क्वानने बरणी मधोमध ठेवली, वाट्या वाटल्या, आणि व्याह्याने वाटी नाकाशी नेण्याआधीच तो बोलला.

"थांबा. मी तुम्हाला एकोणतीस वर्षांची म्हणालो होतो. ती नाही ही. ही नऊ वर्षांची आहे. ती संपली."

चिलोकच्या आईने नवऱ्याकडे बघितलं.

"कशी संपली?" व्याह्याने विचारलं.

"निम्मी हिच्या पोटात गेली आणि निम्मी माझ्या. बायकोने घातली. मला न सांगता घातली, आणि मी बाहेर बढाया मारत बसलो. तुम्हाला दिलेला शब्द मला पाळता येत नाही. मुलीचा यात काही दोष नाही, एवढंच सांगायचं होतं."

व्याही वाटीकडे बघत राहिला. मग एक घोट घेतला, दुसरा घेतला. वाटी खाली ठेवली.

"तांदूळ करपलेत," तो म्हणाला.

"हो."

"आमच्या घरी एक्केचाळीस वर्षांची आहे." तो कुणाकडे बघत नव्हता. "आईने भरलेली. झाकणावर मेण आहे. आजवर उघडली नाही. मुलाच्या लग्नात दाखवायची, मग नातवाच्या, असं म्हणतच राहिलो. आई शेवटी आजारी पडली तेव्हा पेजेचा घोटसुद्धा तिच्या पोटात ठरेना. ती म्हणाली, सायहोंग, त्या बरणीतली जरा दे. मी तिला दुसऱ्या बरणीतली दिली. पाच वर्षांची. तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट होतं. तिला कळलं. काही बोलली नाही, प्यायली."

त्याच्या बायकोने मान खाली घातली. तिला हे नवीन नसावं, पण चारचौघांत ते पहिल्यांदाच बोललं जात होतं.

क्वानने भांडं उचललं आणि व्याह्याची वाटी पुन्हा भरली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काही बोलायची घाई केली नाही. दोघं व्याही समोरासमोर बसून प्यायले. तिसरी वहिनी कोपऱ्यातून म्हणाली, "मलाही द्या की भरून. करपलेला असला तरी चालेल."

दुसरी वाटी संपल्यावर क्वान उठला. ओल्या फडक्याने त्याने बरणीवरचा जुना कागद भिजवला आणि हळूहळू सोलून काढला. तो एकसंध निघाला. त्याची घडी करून त्याने खिशात ठेवली. मग दौत, कुंचला आणि नवा लाल कागद काढला. पहिलं अक्षर किंचित वाकडं आलं. पुढची सरळ आली. सगळे बघत होते. कागद बरणीला चिकटवून त्याने बरणी व्याह्याकडे वळवली.

व्याह्याने वाकून मोठ्याने वाचलं, "वायशानची. पोट दुखलं की काढायची. घरात कुणाचंही दुखलं तरी काढायची. संपली की बापाला कळवायचं."

"कळवलं तर काय कराल?" वायशानने विचारलं. "तुम्हाला साल तरी काढता येते का?"

"येत्या हिवाळ्यात वहिनी शिकवणार आहेत."

"मी कधी म्हटलं असं?" तिसरी वहिनी म्हणाली. मग बरणीकडे बघून म्हणाली, "शिकवेन. पण गच्चीवर माझ्या परवानगीशिवाय जायचं नाही."

आउ सायहोंगने लाल कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. शाई अजून ओली होती.

"आमच्या आईच्या बरणीवर वरती काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "असंच लिहून द्याल का?"

"आणा," क्वान म्हणाला. "फक्त या हवेत झाकण उघडू नका."